इंजेक्टर केवढा, पंप केवढा? सही करण्याआधीचा हिशेब



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांमधून एकच प्रश्न फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. घरातला मुलगा म्हणतो, आपल्या गाडीला टर्बो बसवायचाय, मोठे इंजेक्टर आणि मोठा फ्यूएल पंप घालायचाय, गटातून कर्ज काढून दे. आई विचारते, ताई, हे नक्की काय असतं? आणि जामीन म्हणून मी सही करावी का?

मी तालुक्याच्या गावी पेट्रोल गाड्यांचे इंजेक्टर साफ करण्याचं आणि तपासण्याचं काम करते. गाडी जोरात पळवायची हौस चांगली की वाईट, यावर मी बोलणार नाही. ते तुमच्या घरात ठरवा. मी आज फक्त माप सांगणार आहे. कारण या कामात पैसे बुडतात, इंजिन जातं आणि कधी गाडी पेट घेते, ते बहुतेक वेळा माप न घेता सामान आणल्यामुळे. वही-पेन जवळ असेल तर घ्या. गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही नाही. बचतगटाचं व्याज जिला काढता येतं, तिला हेही येतं.

आधी इंजेक्टर म्हणजे काय ते पाहू. तुमच्या शेतात ठिबक असेल. नळीवर ड्रिपर असतात, प्रत्येकातून ताशी ठरावीक पाणी येतं. ताशी चार लिटरचे हजार ड्रिपर असले तर मोटरीने ताशी चार हजार लिटर पाणी दिलं पाहिजे, आणि तेही शेवटच्या ड्रिपरपर्यंत दाब टिकवून. गाडीत तसंच आहे. टाकीतला फ्यूएल पंप ही मोटर. इंजिनावरची नळी, जिला रेल म्हणतात, ती आपली लॅटरल. आणि प्रत्येक सिलिंडरपाशी एक इंजेक्टर, तो ड्रिपर. फरक एवढाच की ड्रिपर सारखा ठिबकत असतो, आणि इंजेक्टर मात्र विजेवर उघडतो, फवारा मारतो आणि बंद होतो. किती वेळ उघडायचं ते गाडीचा संगणक ठरवतो. मेकॅनिक त्याला ईसीएम म्हणतात.

आता जोर वाढवला की पेट्रोल जास्त का लागतं? चूल आठवा. फुंकणीने हवा दिली की जाळ वाढतो, पण लाकूडही भराभर सरतं. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल द्यावंच लागतं. शुद्ध पेट्रोलचं प्रमाण असं, की १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिन पूर्ण जोरावर असताना मात्र पेट्रोल थोडं जास्त द्यायचं असतं, साडेबारा किलो हवेला एक किलो, आणि टर्बो असेल तर साडेअकराच्या आसपास. हे जास्तीचं पेट्रोल आतली उष्णता ताब्यात ठेवतं.

पेट्रोल कमी पडलं तर काय होतं? चुलीत लाकूड कमी पडलं तर जाळ मंद होतो, एवढंच. इंजिनात उलट होतं. जोर पूर्ण आणि पेट्रोल कमी, अशी वेळ आली की आतलं तापमान वाढतं, मिश्रण वेळेआधी स्वतःहून पेटतं, ठक-ठक आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. हे चालू राहिलं तर पिस्टनचा माथा वितळतो, त्याला भोक पडतं. हे व्हायला वर्षं लागत नाहीत. चढावर, पाय दाबलेला असताना, काही सेकंदांत होऊ शकतं. म्हणून माप महत्त्वाचं.

आता हिशेब. एक नेहमीची गाडी घेऊ. मारुती स्विफ्टचं जुनं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ११९७ सीसीचं. त्याची ताकद सुमारे ८३ अश्वशक्ती, ती ६००० फेऱ्यांना मिळते. गॅरेजवाले अश्वशक्तीला एचपी म्हणतात.

पहिला आकडा लिहून घ्या. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण जोरावर एका अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण सव्वापाच सीसी पेट्रोल लागतं. एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर. टर्बो असेल तर एका अश्वशक्तीमागे मिनिटाला ६.३ सीसी धरायचं, कारण तिथे थंडाव्यासाठी जास्त पेट्रोल द्यावं लागतं.

मूळ गाडी: ८३ गुणिले ५.२५, म्हणजे मिनिटाला सुमारे ४३६ सीसी. चार सिलिंडर, म्हणून भागिले ४. एका इंजेक्टरच्या वाट्याला १०९ सीसी.

पण १०९ चाच इंजेक्टर घ्यायचा नाही. का, ते ऐका. ६००० फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला १००. या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक फवारा लागतो, म्हणजे सेकंदाला ५० फवारे. प्रत्येक फवाऱ्याला जास्तीत जास्त वेळ २० मिलिसेकंद. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले वीस. इंजेक्टर हे वीसच्या वीस भाग उघडा राहिला तर त्याला बंद व्हायला वेळच उरत नाही, तो तापतो, आणि गरज वाढली तरी तो आणखी काही देऊ शकत नाही. म्हणून वीसपैकी सोळा भाग, म्हणजे ८० टक्के वेळच त्याला कामाला लावायचं. पाणी शेंदणाऱ्या बाईला अधूनमधून दम खायला वेळ हवा, तसंच. तर १०९ भागिले ०.८, उत्तर १३६. म्हणजे मूळ जोरासाठी मिनिटाला साधारण १४० सीसीचा इंजेक्टर पुरतो.

आता मुलगा म्हणतो, टर्बो लावून १३० अश्वशक्ती काढायची. चला, करू. १३० गुणिले ६.३, म्हणजे ८१९ सीसी. भागिले ४, म्हणजे २०५. भागिले ०.८, म्हणजे २५६ सीसी.

इथे थांबायचं नाही. आपल्या भागातल्या बायकांना पुढची गोष्ट लगेच कळेल, कारण ती आपल्या उसातून आली आहे. साखर कारखान्यांत तयार होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. इथेनॉलच्या अंगात ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला बाहेरची हवा कमी लागते. वीस टक्के मिसळलेल्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते. उलटून सांगायचं तर तेवढ्याच हवेला पेट्रोल सुमारे आठ टक्के जास्त लागतं. परदेशातल्या जुन्या तक्त्यावरून माप काढलं आणि हे आठ टक्के विसरले, तर इंजेक्टर तिथेच अपुरा पडला. २५६ मध्ये आठ टक्के मिळवा. झाले २७६.

आता दाब. इंजेक्टरवर लिहिलेलं माप बहुतेक वेळा ३ बार दाबावरचं असतं. बऱ्याच आजच्या गाड्यांत दाब सांभाळणारा रेग्युलेटर टाकीतच असतो, आणि तो रेलमध्ये ठरावीक दाब ठेवतो. टर्बोने समोरून ०.६ बारचा रेटा दिला की इंजेक्टरला फवारायला ३ ऐवजी २.४ बारच उरतात. वाऱ्यासमोर उभं राहून फवारणी केल्यासारखं. दाब कमी झाला की प्रवाहही घटतो. पण दाब जेवढा घटतो तेवढा प्रवाह घटत नाही, तो वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो. इथे साधारण दहा-अकरा टक्के घट येते. ती भरून काढायची तर २७६ भागिले ०.८९, म्हणजे ३१० सीसी. काही कारागीर टर्बोच्या दाबाबरोबर रेलचा दाबही वाढवणारा रेग्युलेटर बसवतात. मग ही घट भरून काढावी लागत नाही, पण पंपावरचा ताण तेवढा वाढतो.

तर या गाडीला, या जोरासाठी, ३१० ते ३३० सीसीच्या आसपासचा इंजेक्टर. हे उत्तर.

मग दुकानदार म्हणतो, ताई, ५५० चे घ्या, पुढे कामाला येतील. इथेच गफलत होते. मोठा इंजेक्टर घेतला तर बिघडलं कुठे, गरजेपुरताच उघडेल की, असं वाटतं. पण गाडी सिग्नलला उभी आहे, इंजिन ८०० फेऱ्यांवर हळू फिरतंय, तेव्हाचा हिशेब पाहा. तेव्हा तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं असं धरू. म्हणजे मिनिटाला साडेबारा सीसी, एका इंजेक्टरला सुमारे तीन, आणि तेही मिनिटाला ४०० फवाऱ्यांत वाटून. १४० चा इंजेक्टर त्यासाठी प्रत्येक वेळी साधारण ३.३ मिलिसेकंद उघडावा लागेल. ३१० चा दीड मिलिसेकंद. आणि ५५० चा एक मिलिसेकंदाहूनही कमी. मुळात इंजेक्टरची सुई वीज मिळाल्यावर उचलायलाच सुमारे एक मिलिसेकंद घेते. हा उघडायचा वेळ संगणक वेगळा धरतो. पण त्यानंतरचा खरा फवारा इतका तोकडा असला की तो प्रत्येक वेळी सारखा पडत नाही. कढीत चिमूटभर हिंग टाकायचाय आणि हातात डाव दिलाय, तशी गत. कधी जास्त, कधी कमी.

परिणाम काय? गाडी उभ्या जागी हेलकावे खाते, बंद पडते. प्लग काळे होतात. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग झिजतात. आमच्याकडे तपासायला आलेल्या एका गाडीचं असंच झालं होतं. गेज काढलं तर ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास. मालकाच्या आईला वाटलं, ऑइल कमी होत नाही म्हणजे इंजिन चांगलं. तसं नाही बायांनो. ऑइल आपोआप वाढत असेल तर ते वाईट लक्षण आहे. लगेच गाडी थांबवायची.

अजून एक धोका आपल्या खेड्यात जास्त आहे. जास्तीचं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळलं की तो लालबुंद तापू शकतो. अशी गाडी वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीपाशी लावली तर आग लागू शकते. गाडी नेहमी मोकळ्या जमिनीवर लावायला सांगा.

आता पंप. एकूण गरज ८१९ सीसी, इथेनॉलचे आठ टक्के धरून सुमारे ८८५ सीसी मिनिटाला. गुणिले ६०, म्हणजे ताशी ५३ लिटर. पंप जुना होतो, गाळणी चोंदते, म्हणून तीस टक्के राखीव ठेवा. ताशी ७० लिटर झाले. आता नीट ऐका. हे ७० लिटर पंपाने दाबासकट द्यायला हवेत. विहिरीवरची मोटर तोंडाशी धो धो पाणी देते आणि टेकडीवरच्या टाकीत मात्र करंगळीएवढी धार येते, हे आपण पाहिलेलं आहे. फ्यूएल पंपाचंही तसंच. खोक्यावर २५५ लिटर लिहिलेलं असेल, पण ते कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला? बरेच आकडे साडेतेरा व्होल्टवरचे असतात. जुनी वायर, गंजलेलं अर्थिंग असेल आणि पंपापर्यंत बाराच व्होल्ट पोचत असतील, तर पंप मंद फिरतो आणि कमी देतो. लाइट कमी दाबाची असली की मोटर कशी कण्हते, तुम्हाला माहीत आहे.

मग सगळ्यात मोठा पंप घालून मोकळं व्हावं का? नाही. मोठा पंप वीजही जास्त ओढतो. मूळ बारीक वायरीवर तो चालवला तर वायर आणि सॉकेट तापून वितळतात, आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीपाशी. मोठा पंप घालायचाच तर त्याला वेगळी जाड वायर, रिले आणि योग्य फ्यूज हवा. शिवाय नको तेवढं पेट्रोल सतत टाकीत परत फिरत राहिलं की ते तापतं, आणि रेग्युलेटरला एवढा लोंढा सोसला नाही तर दाब ठरल्यापेक्षा वर जातो.

उलट बाजूही आहे. कधी कधी मूळ पंपच पुरेसा असतो. तो दाबावर मोजून घ्यायला सांगा. ठरलेल्या दाबाला अर्ध्या मिनिटात किती पेट्रोल येतं ते मापात धरायचं आणि त्यावरून ताशी किती ते काढायचं. आपल्या हिशेबाप्रमाणे अर्ध्या मिनिटात ५८० ते ५९० मिलिलिटर आलं तर ताशी ७० लिटर झाले, नवा पंप नको. पण हे काम घरच्या अंगणात करायचं नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या चुलीवर, बिडीवर पेटते. जाणत्या कारागिराकडे, मोकळ्या हवेत, आग विझवायचं नळकांडं जवळ ठेवूनच हे करायचं.

आता सही करण्याआधी काय विचारायचं, ते सांगते. लिहून घ्या.

पहिलं, किती अश्वशक्ती काढायची? आकडा सांगता येत नसेल तर सामानाचं मापही काढता येत नाही. "जोरात पळाली पाहिजे" हा आकडा नव्हे.

दुसरं, आज आपण केला तसा हिशेब गॅरेजवाल्याने कागदावर लिहून द्यावा. अश्वशक्ती, सिलिंडर, ऐंशी टक्के, इथेनॉल, दाब. पाच ओळींचं काम आहे. जो हे लिहून देत नाही, त्याला पैसे देऊ नका.

तिसरं, चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर मोजून घ्या. चौघांचा प्रवाह दोन-तीन टक्क्यांच्या आत सारखा हवा. संगणक बहुतेक वेळा चौघांना मिळून एकच वेळ देतो. त्यात एक जरी कमी देणारा निघाला तर त्याच सिलिंडरचा पिस्टन जातो. आणि इंजेक्टर विजेच्या दृष्टीनेही जुळायला हवेत. बऱ्याच गाड्यांचे इंजेक्टर १२ ते १६ ओहमचे असतात. तिथे दोन-तीन ओहमचे लावले तर संगणकातला भाग जळू शकतो.

चौथं, संगणकाला नवीन माप शिकवलं का? इंजेक्टर बदलला आणि संगणकातलं गणित जुनंच राहिलं तर काही उपयोग नाही. शेवटी गाडी जोरावर चालवून हवा-पेट्रोलचं प्रमाण मीटरवर दाखवायला सांगा. मीटर न लावता "आवाजावरून कळतं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पाचवं, नळ्या आणि क्लिप इंजेक्शनच्या दाबाच्या, इथेनॉल सोसणाऱ्याच हव्यात. साधी रबरी नळी ३ बार दाबाला सुटते, आणि खाली गरम सायलेन्सर असतो.

सहावं, ब्रेक, टायर, क्लच. जोर दीडपट केला आणि ब्रेक तेच ठेवले, तर गाडी थांबणार कशी?

आणि सातवं, कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपुस्तकातली माहिती आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून आधी आरटीओत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवता बदल केला आणि अपघात झाला, तर भरपाई अडू शकते. मग गाडीही गेली, कर्जही राहिलं, आणि समोरच्याला काही झालं असेल तर तो भारही आपल्याच घरावर.

हे सात प्रश्न मुलाला रागावून विचारू नका. त्याच्या शेजारी बसा, वही उघडा आणि त्यालाच हिशेब करायला लावा. पुष्कळदा असं होतं की आकडे मांडले की मुलगा स्वतःच म्हणतो, आई, आधी आहेत ते इंजेक्टर साफ करून घेऊ, गाळणी बदलू, प्लग बदलू. चोंदलेले इंजेक्टर साफ झाले की गाडीचा गेलेला पिकअप परत येतो, आणि त्याला कर्ज लागत नाही. आणि एखादा मुलगा पूर्ण हिशेब मांडून, परवानगीचा कागद घेऊन आला, तर त्याला हे काम समजलं आहे. कदाचित उद्या तो यातच पोट भरेल. मग त्याच्या कर्जाचा विचार गाडीच्या हौशीसाठी न करता त्याच्या धंद्यासाठी करा.

गटाचा पैसा वीस बायकांनी शंभर-शंभर करून साठवलेला असतो. दुधाच्या धंद्याला कर्ज देताना आपण म्हैस किती लिटर देते ते विचारतोच. तसं इथे विचारायचं, इंजेक्टर किती सीसीचा, आणि पंप किती दाबाला किती लिटर देतो. उत्तर आलं तर पुढचं बोलायचं.

येत्या बैठकीत आजचा हिशेब एकदा सगळ्याजणी मिळून करून पाहा. १३० च्या जागी १०० अश्वशक्ती घ्या आणि बाकी सगळं तसंच ठेवा. इंजेक्टरचं उत्तर २३८ ते २४० सीसीच्या आसपास आलं, तर तुमचं गणित बरोबर आहे.